लिफ्टमधला उन्हाळा

यंदा होळीच्या आधीच सिंदफणा नदीच्या पात्रात माणसं झरे खोदू लागली. वाळूत कमरेइतका खड्डा, तळाला ओंजळभर पाणी आणि वाटीनं ते घागरीत भरणारी एखादी बाई. डेअरीच्या ओट्यावर बसलं की समोरच्या रस्त्यानं बोअर पाडणारी गाडी जाताना दिसते. ती गेल्यावर धूळ कितीतरी वेळ खाली बसत नाही. कडुलिंब मात्र गच्च मोहरलाय. दुष्काळाच्या सालीच त्याला एवढा बहर का येतो, कुणास ठाऊक. त्या मोहराचा वास आला की बाकीच्यांना पाडवा आठवत असेल. मला फिनेलचा वास आठवतो, पाठीला टेकलेला गार पत्रा आठवतो, आणि भर माळावर उभा असूनही मी एकदा मागं वळून बघतो, वाट मोकळी आहे ना म्हणून.

असल्याच एका सालचा उन्हाळा मी पुण्यातल्या एका दवाखान्याच्या लिफ्टमध्ये काढला.

त्याआधी मी आमच्या गावच्या दूध संस्थेचा सचिव होतो. गाव बीड जिल्ह्यातल्या तलवाड्यापासून दोन कोसांवर, शे-दीडशे उंबऱ्यांचं. सचिव म्हणजे काही मोठी खुर्ची नव्हे. पहाटे डेअरीचं शटर वर करायचं, दूध मापायचं, लॅक्टोमीटर बुडवून डिग्री बघायची, कॅन भरून टेम्पोत चढवायचे. पण गावातली प्रत्येक चूल माझ्यासमोरून जायची. कुणाची म्हैस आटली, कुणाची गाय फळली, कुणाच्या घरी आज पाहुणे आलेत म्हणून दूध कमी आलं, हे मला न विचारता कळायचं. एखादी म्हातारी लोटा पुढं करायची आणि म्हणायची, "सेक्रेटरी, आज जरा पातळ लागंल हां. रातभर हंबरत हुती बिचारी." मी डिग्री बघायचो आणि काही बोलायचो नाही. तेवढी सत्ता माझ्याकडं होती. ती मी जपून वापरायचो.

त्या साली पाऊस पोळ्यानंतर आलाच नाही. दिवाळीत कडबा संपला. संक्रांतीला लोकांनी जनावरं बाजारात न्यायला सुरुवात केली. ज्यांचं मन होईना, त्यांनी ती साखर कारखान्यानं उघडलेल्या चारा छावणीत नेऊन बांधली. अकरा कॅन जायचे, तिथं चार जाऊ लागले, मग दीड. एके सकाळी टेम्पोवाला म्हणाला, "सेक्रेटरी, एवढ्या दुधासाठी गाडी वळवणं परवडत न्हाई." मी मान हलवली. शटर खाली ओढलं. त्या पत्र्याचा आवाज रोजचाच होता, पण रोज तो ऐकायला माणसं असायची.

माझी बायको सुशीला आमच्या दोन म्हशी घेऊन छावणीत राहायला गेली. दोन्ही पोरी तिच्या आईकडं ठेवल्या. मी पुण्याचा रस्ता धरला. गावातली पाच-सहा जणं हडपसरच्या पुढं एका खोलीत राहत होती. कुणी सेंट्रिंगच्या कामावर, कुणी गाड्या धुवायला, कुणी भंगारात. त्यांनीच एका ठेकेदाराकडं माझं नाव घातलं. सहा मजली खाजगी दवाखाना, लिफ्टमनची जागा. सकाळी आठ ते रात्री आठ.

"नशीब काढलं बे तू," खोलीतला एकजण म्हणाला. "सावलीला, पंख्याखाली, बसून पगार. आमी हितं सळया वाहून मरायलोत."

मलाही तसंच वाटलं होतं. पहिले आठ दिवस मी गणवेशाची बटणं गळ्यापर्यंत लावून, स्टुलावर ताठ बसायचो.

लिफ्ट म्हणजे काय, तर चार पावलं लांब आणि तीन पावलं रुंद अशी पत्र्याची पेटी. स्ट्रेचर मावावं म्हणून लांबट. वर एक छोटा पंखा, तो हवा ढवळायचा, आणायचा नाही. खिडकी नाही. दार मिटलं की बाहेर दिवस आहे का रात्र, ऊन आहे का आभाळ, काही कळायचं नाही. आयुष्यभर मी वेळ सावलीवरून सांगितली होती. तिथं सावलीच नव्हती. ट्यूबलाइटच्या उजेडात माणसाची सावली पायाखालीच मरून पडते. दुपार झाली हे मला डब्यांच्या वासावरून कळायचं आणि संध्याकाळ झाली हे भेटायला येणाऱ्यांच्या गर्दीवरून.

आणि माझं नाव गेलं. कुणी मुद्दाम घेतलं नाही, गेलं आपोआप. गावात लहानथोर मला सेक्रेटरी म्हणायचे, घरचे अंकुश म्हणायचे. इथं मी झालो मामा. "मामा, चौथा." "मामा, दार धरा." दिवसातून तीन-चारशे वेळा मामा. त्यात वाईट काही नव्हतं, चांगल्या घरची माणसं होती, आवाजही मऊ असायचा. पण बोलताना सगळे बटणांकडं बघायचे. शेजारी उभं राहून माणसं रडली, भांडली, कुजबुजली. मी तिथं आहे हे कुणाच्या गावीच नसायचं.

तिसऱ्या मजल्याची एक गंमत होती. दुसरा, चौथा, पाचवा, लोक मोठ्यानं सांगायचे. तिसऱ्याला जाणारे बहुतेक बोलायचेच नाहीत. बोटं दाखवायचे. तीन बोटं, तीही छातीजवळ धरून. तिथं मनाच्या डॉक्टर बसायच्या. मी बटण दाबायचो आणि त्या माणसाकडं न बघता दाराकडं बघायचो. मनात मात्र म्हणायचो, एवढे नीटनेटके कपडे, एवढी धडधाकट माणसं, ह्यांना काय झालंय?

महिनाभरानं मला ते पहिल्यांदा झालं. चौथ्यावरून खाली येत होतो, लिफ्टमध्ये मी एकटाच. एकाएकी वाटलं, हवा संपली. छातीवर कुणी भरलेला कॅन ठेवावा तसं. हाताच्या बोटांना मुंग्या, कानात ठोके, जीभ कोरडी. आता आपण इथंच मरणार आणि तळमजल्याला दार उघडेल तेव्हा लोकांना मी पडलेला दिसेन, एवढं स्वच्छ दिसलं. दार उघडलं. मी उभाच होतो. एक बाई आत येऊन म्हणाली, "मामा, पाचवा."

मी बटण दाबलं.

तेव्हापासून ते रोज येऊ लागलं. एका सिस्टरनं दया येऊन माझ्या छातीची पट्टी, ईसीजी, काढवून घेतली. डॉक्टर म्हणाले, हृदय उत्तम आहे, पित्त झालं असेल. ते ऐकून मला बरं वाटायला हवं होतं. उलट मी जास्तच घाबरलो. हृदयाचं दुखणं असतं तर सांगता आलं असतं. हे काय सांगणार? खोलीतली माणसं दिवसभर उन्हात सळया वाहायची आणि जेवून ढाराढूर झोपायची. छावणीत बायको चाऱ्यासाठी उसाचे वाढे तोडत होती, टँकरच्या रांगेत उभी राहत होती. आणि मी, सावलीत स्टुलावर बसणारा गडी, म्हणणार की मला बसवत नाही? लाज वाटायची. काम कष्टाचं असतं तर निदान घामाच्या नावावर खपवलं असतं.

मग मी उपाय शोधले. दोन मजल्यांमध्ये श्वास धरायचा. डोळे मिटून आमच्या बांधावरच्या बाभळी मोजायच्या. गर्दी असली की भीती कमी वाटायची, म्हणून मी दार जरा जास्त वेळ धरून ठेवू लागलो, आणखी कुणी यावं म्हणून. लोक चिडायचे. "मामा, चला की." सुपरवायझरनं एकदा दम दिला. काम सोडावं म्हटलं, तर सोडून जायचं कुठं? गावात डेअरी बंद, रान उघडं, आड कोरडा. लिफ्टचं दार तरी दर मजल्याला उघडायचं. त्या उन्हाळ्याला दारच नव्हतं.

सुशीलाचा फोन रविवारी यायचा, छावणीतल्या कुणाच्या तरी मोबाइलवरून. ती म्हशींचं सांगायची, पोरींचं सांगायची. मग विचारायची, "तुमचं कसं हाय?" मी म्हणायचो, "झकास." आणि फोन ठेवायची घाई करायचो.

गेटवर बन्सीबप्पा नावाचे वॉचमन होते. माजलगावकडचे, साठीला आलेले. धरण झालं तेव्हा त्यांचं जुनं गाव पाण्यात गेलेलं. गुडघे धरले होते, तरी दिवसभर गेटवर उभे. दुपारी डबा खाताना एकदा त्यांनी माझ्याकडं नीट बघितलं.

"अंकुशा, तू भाकर मोडतोस आन् तशीच ठिवतोस. कावून?"

"भूकच न्हाई बप्पा."

"भूक न्हाई का घास उतरत न्हाई? दोन्ही येगळी हायेत." मी भाकर डब्यात परत ठेवली. मग ते म्हणाले, "गाव बुडाल्यावर मी वर्षभर कुनाशी बोललो नव्हतो. लोक म्हणायचे, बन्सीला भूत लागलं. भूत कशाचं? पाय ठिवायला वळखीची जागाच उरली नव्हती."

एवढं बोलून त्यांनी डबा धुवायला घेतला. मला तेव्हा सगळं सांगून टाकता आलं असतं. सांगितलं नाही.

आणि मग ती दुपार आली. चैत्र संपत आला होता. पारूबाई नावाची गेवराईकडची एक म्हातारी तळमजल्यावर लिफ्टमध्ये शिरली. हातात औषधाच्या चिठ्ठीचा कागद, डोक्यावरून पदर. तिनं तीन बोटं दाखवली नाहीत. सरळ म्हणाली, "तिसऱ्यावर घे बाबा. ल्योक बसलाय तिथं." दुसरा मजला गेला आणि लाइट गेली. जनरेटर सुरू झाल्याचा आवाज आला, पण लिफ्ट हलली नाही. वर एक बारका दिवा तेवढा पेटला. मी आतल्या फोनवरून खाली सांगितलं. मेकॅनिक यायला वेळ लागेल म्हणाले.

खरं तर धीर मी द्यायचा होता. गणवेश माझ्या अंगावर होता. मी तोंड उघडलं आणि आवाजच निघाला नाही. मी दाराला नखं लावली, ते उघडणार नाही हे ठाऊक असून. घामानं सदरा भिजला. पारूबाईनं एक क्षण बघितलं आणि कागद कमरेला खोवला.

"खाली बस. स्टुलावर नगं, भुईला बस. पाठ टेक."

मी बसलो. ती माझ्यासमोर मांडी घालून बसली. माझे दोन्ही हात तिनं तिच्या खरखरीत हातांत धरले.

"कुठला हायेस?"

"तलवाड्या... कडचा."

"मंग आपल्याच मुलखातला की. दावणीला काय हाय?"

"दोन म्हशी."

"नावं?"

मला नावं आठवेनात. रोज ज्यांच्या पाठीवर थाप मारली त्यांची नावं आठवेनात. ती वाट बघत राहिली. शेवटी मी म्हणालो, "चंद्री. आन् मोरी."

"चंद्री कशी हाय?"

"कपाळावर पांढरा ठिपका. शिंगं मागं वळलेली. लई मारकी, पर बायकोला हात लावू देती."

"शेजाऱ्याच्या दावणीला?"

मग मी सांगत सुटलो. शेजारच्या घरी तीन गाया, त्यातली एक लंगडी. पलीकडं पाटलाच्या वाड्यावर पाच म्हशी. खालच्या आळीला मोमिनाच्या घरी शेळ्या आणि एक म्हैस, तिच्या दुधाची डिग्री गावात सगळ्यांत वर. मी घरामागून घर चालत गेलो. प्रत्येक घरासमोर थांबलो. कुणाची आटली, कुणाची वासरं जगली, सगळं सांगितलं. ती मध्येमध्ये फक्त "बरं, मंग?" म्हणायची. मारुतीच्या देवळापाशी आलो असेन, तेव्हा झटका बसून लिफ्ट हलली आणि दार उघडलं. बाहेर चार माणसं वाकून आत बघत होती. अर्धा तास झाला होता म्हणे. मी भुईवर बसून बोलत होतो आणि श्वास चालू होता.

बाहेर पडताना ती थांबली. "माझ्या लेकालाबी आसंच हुतंय. इमारतीवर परांचीवर चढवायचे त्याला. एक दिस तिथंच बसला, उतरंना. चौघांनी उचलून आनला. आता बोलतच न्हाई. तू त्याच्याइतका लांब जाऊ नगंस. तिसऱ्यावर ये."

"मावशी, मी रोज येतो की तिसऱ्यावर."

"लिफ्टीच्या बाहीर ये," ती म्हणाली आणि लुगडं सावरत निघून गेली.

त्यानंतरही मी आठ दिवस गेलो नाही. तिसऱ्या मजल्याला दार उघडायचं, समोरच्या बाकांवर माणसं बसलेली दिसायची. त्यांच्यात मी जागा शोधायचो आणि बटण दाबायचो. शेवटी सुट्टीच्या दिवशी, गणवेश न घालता, जिन्यानं चढलो. जिन्याला खिडक्या होत्या. तीन महिन्यांत मला ते माहीत नव्हतं.

डॉक्टर माझ्या बहिणीच्या वयाच्या असतील. त्यांनी आधी विचारलं, "तुमचं पूर्ण नाव?" मी वडिलांच्या नावासकट, आडनावासकट सांगितलं. ते म्हणताना मला रडू फुटलं. त्यांनी पेन खाली ठेवलं. मग एकेक विचारत गेल्या आणि मी सांगत गेलो. हे दुखणं आहे, भित्रेपणा नाही, त्या म्हणाल्या. गोळ्या दिल्या, श्वास कसा सोडायचा ते शिकवलं. धरायचा नाही, सोडायचा, एवढं साधं मी उलटं करत होतो. मग म्हणाल्या, "घरी कोणाला माहीत आहे?"

"न्हाई."

"सांगा. गोळीइतकंच ते गरजेचं आहे."

गोळी सोपी होती. ती पाण्याबरोबर जाते.

दोन दिवसांची रजा काढून मी छावणीवर गेलो. साड्या आणि बारदान जोडून केलेली छपरं, त्याखाली जनावरांच्या रांगा, शेणाचा, उसाच्या वाढ्यांचा आणि तापल्या मातीचा एक झालेला वास. सुशीला वाढे तोडत बसली होती. उन्हानं करपलेली, हातांवर पात्यांचे ओरखडे. चंद्रीनं मला ओळखून नाक फुरफुरलं. मी सुशीलाच्या शेजारी बसलो आणि मान खाली घालून सगळं सांगितलं. लिफ्ट, हवा, मुंग्या, म्हातारी, तिसरा मजला, गोळ्या. सांगून होईपर्यंत तिचा कोयता चालूच होता. मग थांबला.

"एवढंच?" ती म्हणाली.

"एवढंच म्हंजी?"

"मला वाटलं, तुमी तिकडं दुसरं बिऱ्हाड केलं. फोनवर दोन शबुद बोलायचाव आन् ठिवून द्यायचाव. हितं आजूबाजूच्या बायका आपापल्या नवऱ्यांचं सांगायच्या. मी चंद्रीच्या मानंला धरून बसायचे." ती हसली, आणि हसता हसता तिचा चेहरा मोडला. "आवो, मलाबी हितं जीव घाबरा हुतो. चारीकडं मानसं आन् मला कुनीच न्हाई. पर तुमी तिकडं झकास हायेत म्हणून मी गप."

वाढे तोडायचे राहून गेले तसं मोरीनं हंबरायला सुरुवात केली. एकमेकांचं सगळं सांगून झालं तरी सुटका कुठंच नव्हती. दोन दिवसांनी मला लिफ्टकडं परत जायचं होतं, तिला टँकरच्या रांगेत उभं राहायचं होतं. फक्त आता दोन्हीकडचं दोघांना ठाऊक होतं. उन्हाळा तेवढाच होता, पण ओझं वाटून घेतल्यासारखं झालं.

परत आल्यावर बन्सीबप्पांना सांगितलं. ते म्हणाले, "आधी सांगायचंस की लेका. माझे गुडघे गेटवर हुबं राहून मेले हायेत. तुझं स्टूल मला दे, माझं गेट तू घे." सुपरवायझरला काय, दोन्ही जागांवर माणूस असला की झालं. पण त्याला कारण सांगायची माझी हिंमत झाली नाही. बप्पांनी आपले गुडघे पुढं केले. मी गेटवर उभा राहू लागलो. उन्हानं डोकं भणभणायचं, गाड्यांचा धूर नाकात जायचा, पण भुईवर माझी सावली होती. भीती लगेच गेली नाही. गर्दीत, बंद खोलीत, अंगावर पांघरूण घेतल्यावरसुद्धा ती यायची. आता ती आली की निदान मी तिला नावानं ओळखत होतो.

पुढं पाऊस झाला, पण आणखी दोन वर्षं मी पुण्यातच राहिलो. विकलेली जनावरं पावसाबरोबर परत येत नाहीत. डेअरीचं शटर पुन्हा वर गेलं तेव्हा तीन कॅन भरले. आज सात भरतात. सचिव अजून मीच आहे, नवी पोरं तात्या म्हणतात. आणि यंदा परत छावणीच्या गोष्टी निघाल्यात.

पाडव्याच्या आधी शेजारचा विलास चाकणहून परत आला. सव्वीस वर्षांचा, कंपनीत रात्रपाळीला होता. आला तो खोलीत शिरला आणि बाहेर येईना. बाप म्हणायचा, आळस भरलाय. आई म्हणायची, नजर लागलीय, कपिलधारच्या देवाला नेऊन आणू. मी रोज डेअरी बंद झाल्यावर त्याच्या उंबऱ्यावर जाऊन बसू लागलो. काही विचारायचो नाही. म्हशींचं बोलायचो. दहाव्या-बाराव्या दिवशी तो आतून म्हणाला, "तात्या, झोपच लागत न्हाई. डोळं मिटलं की मशीन चालू हुती."

मी त्याला माझी गोष्ट सांगितली. सगळी. गावात कुणाला मी ती इतक्या मोकळेपणी कधी सांगितली नव्हती.

परवा त्याला घेऊन बीडला सरकारी दवाखान्यात गेलो. मनाच्या विभागाबाहेर लांब बाक होता, त्यावर बसलो. विलास सारखा फाटकाकडं बघत होता.

"तात्या, कुनी वळखीचं दिसलं तर काय सांगायचं?"

"सांग, तात्याला दाखवायला आनलंय."

तो पहिल्यांदा जरासा हसला. तेवढ्यात खरंच ओळखीचं माणूस आलं. आमच्या भागातले मोठे बागायतदार, पंचायत समितीवर निवडून आलेले, चार गावांत ज्यांचा शब्द खाली पडत नाही असे. पांढरेशुभ्र कपडे, पायात करकरीत वहाणा. आम्हाला बघून ते दचकले.

"सेक्रेटरी? तुमी हितं कावून?"

विलासनं माझ्याकडं बघितलं. मी म्हणालो, "जुनं दुखणं हाय माझं, दादा. जीव घाबरतो. ह्यानं सोबत आनलंय. तुमी?"

"आमी..." त्यांनी मागं वळून बघितलं. मागं कुणी नव्हतं. "सुनंला दाखवायला आलोत."

त्यांच्या मुठीत चिठ्ठी होती, घामानं चुरगळलेली. आतून नाव पुकारायला अजून वेळ होता. विलास बाकावर हातभर सरकला, मीही सरकलो, आणि ते आमच्या दोघांच्या शेजारी, टोकाला, बसले.